हाडांतील अणूंचा माग काढणारे जॉर्ज द हेवेशी

प्रोस्टेट अर्थात पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाले, की रुग्ण आणि त्याचे कुटुंब 'कर्करोग' या शब्दानेच हादरून जाते. डॉक्टरांपुढे मात्र त्याच वेळी वेगळा प्रश्न उभा असतो. हा रोग ग्रंथीच्या आतच आहे, की तेथून निघून लसिकाग्रंथींत आणि हाडांत पोहोचला आहे? रोग ग्रंथीपुरता असेल, तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने तो समूळ नाहीसा करण्याची आशा असते. हाडांत गेला असेल, तर केवळ ग्रंथी काढून फारसे साधत नाही. लघवीवरील ताबा सुटणे, लैंगिक क्षमता जाणे असे शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम मात्र पदरात पडू शकतात. उलट, रोग पसरला नसताना तो पसरल्याचे मानले गेले, तर बरा होऊ शकणारा माणूस आयुष्यभराच्या औषधांकडे ढकलला जातो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेली पाच दशके ज्या चाचणीचा आधार घेतला गेला, ती म्हणजे 'बोन स्कॅन'. रुग्णाच्या शिरेत किरणोत्सर्गी द्रव्याचे इंजेक्शन देतात, दोन-तीन तास थांबायला सांगतात आणि मग कॅमेऱ्याखाली झोपवून सर्वांगाच्या सांगाड्याचे चित्र घेतात. इंजेक्शन 'किरणोत्सर्गी' आहे हे ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. शरीरात किरणोत्सर्गी अणू सोडायचा आणि तो कुठे जाऊन बसतो हे बाहेरून मोजायचे, ही कल्पना ज्यांना प्रथम सुचली आणि ज्यांनी ती सिद्ध करून दाखवली, ते हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी. ते वैद्य नव्हते. कर्करोगावर संशोधन करायचे म्हणून ते या वाटेला लागले, असेही नाही. त्यांच्या कार्याचा आरंभ झाला तो एका साफ फसलेल्या कामातून.

हेवेशी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्ट येथे झाला. घराणे मूळचे ज्यू, कॅथलिक पंथ स्वीकारलेले, सरदारकी मिळालेले आणि अतिशय श्रीमंत. आठ भावंडांतील ते पाचवे. शालेय शिक्षण बुडापेस्टच्या पिअरिस्ट पाद्र्यांच्या शाळेत झाले. पुढे बुडापेस्ट आणि बर्लिन येथे काही काळ शिकून ते जर्मनीतील फ्रायबर्गला गेले आणि १९०८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. झुरिक आणि कार्ल्सरूह येथे काही काळ काम केल्यावर, १९११ च्या आरंभी ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. अणूला केंद्रक असते, हा सिद्धान्त रदरफर्ड यांनी मांडला तो याच वर्षी. थोड्याच दिवसांत तेथे नील्स बोर आले. दोघांचे जन्मवर्ष एकच. तेथे जमलेली मैत्री आयुष्यभर टिकली.

रदरफर्ड यांच्याकडे त्या वेळी एक अडचण होती. ऑस्ट्रियाच्या सरकारने योआखिमस्टालच्या खाणीतील खनिजापासून मिळालेले शेकडो किलो शिशाचे क्षार त्यांना भेट दिले होते. त्यात 'रेडियम-डी' नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य होते आणि रदरफर्ड यांना ते हवे होते. पण सगळे शिसे मध्ये आडवे येत होते. हे द्रव्य शिशातून वेगळे काढण्याचे काम तरुण हेवेशींवर सोपवण्यात आले. त्यांनी रसायनशास्त्रातील ठाऊक असलेली एकूण एक पद्धत वापरून पाहिली. जवळपास दोन वर्षे गेली आणि रेडियम-डी शिशापासून तसूभरही वेगळे झाले नाही. होणारही नव्हते, कारण रेडियम-डी हे शिसेच होते. वजनाने किंचित निराळे, किरणे सोडणारे, पण रासायनिक गुणधर्मांत शिशाशी अगदी एकरूप असलेले. अशा जुळ्या अणूंना पुढे 'समस्थानिक' हे नाव मिळाले.

दुसऱ्या एखाद्या उमेदवाराने हात टेकले असते. हेवेशींनी प्रश्नच उलटा केला. हे दोन अणू कशानेही वेगळे होत नसतील, तर किरणोत्सर्गी अणू साध्या अणूंचा खूणकरी म्हणून वापरता येईल. शिशात चिमूटभर रेडियम-डी मिसळले, की ते शिसे जिथे जाईल तिथे किरणे त्याचा ठावठिकाणा सांगतील. १९१३ मध्ये व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत फ्रिड्रिश पानेट यांच्यासह त्यांनी ही कल्पना प्रथम प्रयोगात आणली आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या शिशाच्या क्षारांची विद्राव्यता मोजून दाखवली. तराजूला जे वजन कळत नव्हते, ते किरणे मोजून कळू लागले.

मँचेस्टरच्या दिवसांतील एक किस्सा त्यांच्या चरित्रात हटकून येतो. हेवेशी ज्या खाणावळीत राहत, तेथील मालकीणबाई ताटात उरलेले अन्न पुन्हा नव्या पदार्थात घालून वाढतात, असा त्यांना संशय होता. बाईंनी अर्थातच तो साफ नाकारला. एका रविवारी हेवेशींनी ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सर्गी द्रव्याचा कण टाकून ठेवला. काही दिवसांनी वाढलेल्या पदार्थाजवळ त्यांनी विद्युतदर्शक धरला आणि चोरी उघडकीस आली. आज असा प्रयोग कोणी केला, तर त्याला खाणावळीऐवजी पोलीस ठाण्यात जेवावे लागेल. तरीही 'माग-अणू' म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण नाही. बोन स्कॅनमध्येही हेच होते. खूण केलेला कण आत सोडायचा आणि तो कुठे प्रकट होतो ते पाहायचे.

पहिल्या महायुद्धात हेवेशींना ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात जावे लागले. युद्धानंतर हंगेरीत माजलेल्या अस्थिरतेत त्यांचे मन रमेना. १९२० मध्ये ते बोर यांच्या कोपनहेगनच्या संस्थेत गेले. तेथे डिर्क कॉस्टर यांच्यासह त्यांनी ७२ व्या क्रमांकाचे मूलद्रव्य शोधले. हे मूलद्रव्य दुर्मिळ मृत्तिकांच्या गटातले नसून झिर्कोनियमचे भावंड असले पाहिजे, असे बोर यांचा सिद्धान्त सांगत होता. ते झिर्कोनियमच्या खनिजातच सापडले. डिसेंबर १९२२ मध्ये बोर नोबेल व्याख्यानासाठी स्टॉकहोमला असताना ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी व्याख्यानातच ती जाहीर केली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून या धातूला 'हाफ्नियम' म्हणतात. एका फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यावर आधीच हक्क सांगितला असल्याने काही काळ मोठा वाद झाला, परंतु अखेर हाफ्नियम हेच नाव टिकले.

यानंतर लगेच, १९२३ मध्ये, हेवेशींनी माग-अणू प्रथमच सजीवात सोडला. बाकला या घेवड्यासारख्या शेंगेच्या रोपांची मुळे त्यांनी किरणोत्सर्गी शिशाच्या द्रावणात बुडवून ठेवली आणि मूळ, खोड, पाने यांत शिसे किती चढले ते मोजले. पुढच्या वर्षी प्राण्यांवर प्रयोग झाले. पण येथे मोठी अडचण होती. निसर्गात मिळणारे बहुतेक किरणोत्सर्गी अणू शिसे, बिस्मथ, थोरियम अशा जड मूलद्रव्यांचे. सजीवाला त्यांचा उपयोग नाही, उलट त्यातली काही विषारीच. जीवनाचा व्यवहार चालतो तो कार्बन, फॉस्फरस, कॅल्शियम यांच्यावर आणि त्यांचे किरणोत्सर्गी जुळे तेव्हा हाताशी नव्हते.

दरम्यान १९२६ मध्ये हेवेशी फ्रायबर्गला प्राध्यापक झाले. तेथे स्थिरावले असतानाच हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये त्यांनी पद सोडून पुन्हा कोपनहेगन गाठले. त्याच सुमारास अमेरिकेतील हॅरॉल्ड युरी यांच्याकडून जड पाणी मिळाले होते. त्याच्या साहाय्याने हेवेशी आणि एरिक होफर यांनी, माणसाच्या शरीरात शिरलेला पाण्याचा रेणू सरासरी सुमारे १३ दिवस मुक्काम करतो, असे दाखवले. १९३४ या वर्षाने आणखी मोठी देणगी दिली. आयरीन आणि फ्रेदेरिक जोलियो-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला आणि एन्रिको फर्मी यांनी न्यूट्रॉनच्या माऱ्याने अनेक मूलद्रव्यांचे किरणोत्सर्गी जुळे तयार करून दाखवले. हेवेशी ज्याची दहा वर्षे वाट पाहत होते, ते आता प्रयोगशाळेत बनू लागले.

त्यांनी निवडला फॉस्फरस. कार्बन डायसल्फाइड या द्रवावर न्यूट्रॉनचा मारा केला, की त्यातील गंधकापासून फॉस्फरस-३२ तयार होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ दिवस, म्हणजे प्राण्यावर प्रयोग करायला पुरेसे. ओले किएविट्झ या डॉक्टरांच्या साथीने त्यांनी हा फॉस्फरस उंदरांना खाऊ घातला, नंतर एकेक अवयव जाळून त्याची राख केली आणि राखेतील किरणे गायगर गणकाने मोजली. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा छोटा लेख प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की हाडे ही एकदा बांधून झालेली दगडी इमारत नव्हे. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या हाडांतही फॉस्फरसचे अणू सतत येतात, काही काळ राहतात आणि निघून जातात. उंदराच्या शरीरात असा अणू सरासरी सुमारे दोन महिने राहतो, असा त्यांचा हिशेब होता.

प्रोस्टेटच्या कर्करोगाशी या उंदरांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडेल. संबंध थेट आहे. हा कर्करोग पसरतो तेव्हा त्याचे आवडते ठिकाण म्हणजे कणा, कंबरेची हाडे आणि बरगड्या. तेथे पोहोचलेल्या पेशी हाडाला डिवचतात आणि हाड त्या जागी वेड्यावाकड्या प्रकारे नवी बांधणी करू लागते. बांधणी जिथे जोरात, तिथे फॉस्फेटची उचल जास्त. म्हणजे फॉस्फेटसारख्या द्रव्याला किरणोत्सर्गी खूण करून ते रक्तात सोडले, तर ते नेमके त्या जागी अधिक साठेल. एक्स-रे चित्रात फरक दिसायला हाडातील क्षारांत बराच मोठा बदल व्हावा लागतो. अणूंची देवाणघेवाण मात्र त्याच्या किती तरी आधी बदललेली असते. हाडे जिवंत आहेत, त्यांतील अणू बदलत असतात, हे १९३५ मध्ये कळले नसते, तर बोन स्कॅनची कल्पना कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

बोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्याच वर्षी वर्गणी जमवून संस्थेला ६०० मिलिग्रॅम रेडियम भेट देण्यात आले. न्यूट्रॉनचा झरा म्हणून पुढच्या प्रयोगांना त्याचाच आधार होता. १९३६ मध्ये हेवेशी आणि हिल्डे लेव्ही यांनी न्यूट्रॉनच्या माऱ्याने पदार्थातील सूक्ष्म घटक ओळखण्याची पद्धतही शोधली. मग आले दुसरे महायुद्ध.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले, तेव्हा बोर यांच्या संस्थेत दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल सुवर्णपदके सुरक्षिततेसाठी ठेवलेली होती. माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची. जर्मनीबाहेर सोने पाठवणे हा त्या राजवटीत गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावे कोरलेली होती. हेवेशींना ती पुरून ठेवण्याची कल्पना सुचली, पण बोर यांना ती पसंत पडली नाही. उकरून काढली गेली तर? सैन्य रस्त्यांवरून कूच करत असताना हेवेशींनी दोन्ही पदके अम्लराजात विरघळवली. सोने सहजासहजी विरघळत नाही, त्यामुळे हे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ होते. द्रावणाची बाटली फळीवर ठेवून दिली गेली. झडती झाली, बाटलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. युद्धानंतर त्यातून सोने परत मिळवण्यात आले आणि नोबेल संस्थेने पदके नव्याने घडवून मूळ मालकांना दिली.

डेन्मार्कमधील ज्यूंवरील संकट वाढले तसे १९४३ मध्ये हेवेशी स्वीडनला निघून गेले. त्याच वर्षासाठीचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना १९४४ मध्ये जाहीर झाले, रासायनिक प्रक्रियांच्या अभ्यासात समस्थानिकांचा माग-अणू म्हणून उपयोग केल्याबद्दल. मूळ कल्पनेला तेव्हा तीस वर्षे उलटून गेली होती. पुढे त्यांनी स्वीडनचे नागरिकत्व घेतले, स्टॉकहोम येथे संशोधन चालू ठेवले आणि १९५९ मध्ये 'शांततेसाठी अणू' हा पुरस्कार स्वीकारला. ५ जुलै १९६६ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, फ्रायबर्ग येथे त्यांचे निधन झाले. २००१ मध्ये त्यांचे अवशेष बुडापेस्टला नेऊन तेथे पुन्हा दफन करण्यात आले.

हेवेशींनी अवयव जाळून राख मोजली होती. जिवंत माणसाच्या बाबतीत ते शक्य नाही. तेथे शरीराबाहेरून चित्र काढणारे यंत्र हवे. ते काम अमेरिकेतील बेनेडिक्ट कॅसेन आणि हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकात केले. अँगर यांचा गॅमा कॅमेरा हाच आजच्या यंत्रांचा पूर्वज. उरला प्रश्न योग्य अणूचा. फॉस्फरस-३२ मधून निघणारे कण ऊतींतच अडतात, बाहेरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. १९७१ मध्ये सुब्रमण्यन आणि मॅकॅफी यांनी टेक्नेशियम-९९एम हा अणू फॉस्फेटच्या साखळीला जोडला आणि बोन स्कॅन रुग्णालयांत रूढ झाला. टेक्नेशियमचे अर्धायुष्य अवघे सहा तास. इंजेक्शनची धास्ती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही, की दुसऱ्या दिवशी त्यातील फार थोडे शरीरात शिल्लक राहते. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झाले आणि देशातील पहिले पेट स्कॅन यंत्र २००२ मध्ये तेथेच बसले.

बोन स्कॅनची मर्यादा त्याच्या तत्त्वातच आहे. त्यात कर्करोग दिसत नाही. दिसते ती हाडाची प्रतिक्रिया. झिजलेला गुडघा, कण्याचा संधिवात, जुना अस्थिभंग यांनाही हाड तशीच प्रतिक्रिया देते आणि साठी-सत्तरीच्या माणसाच्या चित्रात असे ठिपके हमखास सापडतात. शिवाय लसिकाग्रंथी त्यात दिसत नाहीत, म्हणून पोटाचा आणि कटिभागाचा सीटी स्कॅन जोडीला काढावा लागतो. ग्रंथीच्या आवरणापलीकडे रोग गेला का, हे पाहायला एमआरआय अधिक उपयोगी.

गेल्या काही वर्षांत हेवेशींच्या कल्पनेचा नवा अवतार आला आहे. प्रोस्टेटच्या कर्कपेशींच्या पृष्ठभागावर 'पीएसएमए' नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. त्याला चिकटणाऱ्या छोट्या रेणूला गॅलियम-६८ किंवा फ्लोरीन-१८ हा अणू जोडून पेट स्कॅन केला, तर हाडाच्या प्रतिक्रियेऐवजी खुद्द कर्कपेशींचा ठावठिकाणा दिसतो. ऑस्ट्रेलियातील दहा केंद्रांत, रोग पसरण्याचा धोका जास्त असलेल्या सुमारे ३०० नव्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के, तर बोन स्कॅन आणि सीटी मिळून ६५ टक्के आढळली. किरणांची मात्राही नव्या चाचणीत निम्म्याहून कमी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी गॅलियम-६८ पीएसएमएला प्रथम मान्यता दिली.

तरीही दोन गोष्टी बजावून सांगणे भाग आहे. सर्वच प्रोस्टेट कर्करोगांत पीएसएमए नसते आणि बरगडीवरचा एखादा निरुपद्रवी ठिपकाही फसवू शकतो. शंका असेल तेथे ऊतीचा तुकडा तपासण्याला पर्याय नाही. दुसरे असे, की रोग पूर्वीपेक्षा लवकर दिसल्याने आयुष्य नेमके किती वाढते, हा अद्याप संशोधनाचाच विषय आहे. आज सिद्ध मानले जाणारे बरेच उपचार जुन्या स्कॅनच्या आधारेच पारखले गेले आहेत. ज्या रुग्णाचे पीएसए १० पेक्षा कमी, ग्लीसन गुण ६ आणि गाठ छोटी, त्याच्या बाबतीत रोग पसरला असण्याची शक्यता इतकी कमी असते, की त्याला बोन स्कॅनची गरज नसते, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तेथे स्कॅन केल्यास उपयोगापेक्षा नसती धास्तीच हाती लागण्याचा संभव अधिक. मोठ्या शहरांत चाचण्यांची रेलचेल असताना, ही चाचणी कशासाठी आणि तिच्या निकालाने माझ्या उपचारात काय बदलेल, हे रुग्णाने डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

पीएसएमएला चिकटणाऱ्या अशाच रेणूला ल्युटेशियम-१७७ हा अणू जोडून, पसरलेल्या रोगावर उपचारही केले जातात. अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रुग्णाच्या शरीरात ल्युटेशियम-१७७ चा अणू किरणे सोडतो आणि सुमारे साडेसहा दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचे रूपांतर होत जाते. ज्या मूलद्रव्यात ते होते, ते हाफ्नियम आहे.